हवा खाणारे आरसे

पोटासाठी माणसाने काय करावं याला आता काही धरबंध राहिलेला नाही. आमच्या वेळी बरं होतं. मुलगा काय करतो म्हणून कोणी विचारलं, की बँकेत आहे, रेल्वेत आहे, शाळेत आहे किंवा सध्या काही करत नाही, या चार उत्तरांत अख्खा वाडा आटपायचा. पाचवं उत्तर देणाऱ्याकडे लोक संशयाने बघत. आता पाचशे उत्तरं झाली आहेत आणि त्यांतली निम्मी मला समजत नाहीत. तरीसुद्धा आमच्या भाच्याची सर कोणाला येणार नाही. आमचा भाचा आरशांना वारा घालतो.

हे मी थट्टेने सांगत नाही. आमच्या ताईचा हा मुलगा चांगला एम.टेक. झालेला आहे. त्याच्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्या मंडळींना ताईने रीतसर सांगितलं, "विंड टनेलमध्ये सौर आरशांच्या सांगाड्यांवर येणारा वाऱ्याचा भार मोजतो." मंडळी गप्प झाली. मुलीच्या काकांनी बराच वेळ पोह्यांतले शेंगदाणे निवडले आणि विचारलं, "म्हणजे नक्की कुठल्या खात्यात?" तेव्हा मी भाषांतर केलं, "आरशांना वारा घालतो." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "कायम आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं. कायम होता. लग्न जमलं.

विंड टनेलला मी मराठीत वाताचा बोगदा म्हणणार होतो, पण त्यावरून गुडघे धरलेल्या मंडळींचा दवाखाना डोळ्यांसमोर येतो. तेव्हा विंड टनेलच बरा.

आता, आरशांना वारा कशाला घालायचा हे कळायला आधी कवडसा आठवावा लागेल. लहानपणी हातआरसा उन्हात धरून समोरच्या माडीवर वामकुक्षी करणाऱ्या आजोबांच्या नाकावर कवडसा नाचवणं, हा मे महिन्यातला सर्वमान्य खेळ होता. शास्त्रज्ञांनी तोच खेळ मोठा केला. मोकळ्या माळावर एक उंच बुरूज बांधायचा, त्याच्या भोवती हजारो आरसे उभे करायचे आणि सगळ्यांनी मिळून बुरुजाच्या माथ्यावर एकाच जागी कवडसा पाडायचा. तिथे अशी काही उष्णता होते की तिच्यावर वाफ करून वीज काढता येते. या आरशाला हेलिओस्टॅट म्हणतात. कॅलिफोर्नियात मोहावी वाळवंटात इव्हानपा नावाच्या ठिकाणी 2014 साली असा कारखाना सुरू झाला, त्यात तीन बुरूज आणि 1,73,500 हेलिओस्टॅट उभारले होते. एका आजोबांच्या नाकासाठी एवढी पोरं कधी जमली नसतील.

या आरशांचं काम वाटतं तितकं सोपं नाही. सूर्य सारखा सरकतो, बुरूज जागचा हलत नाही, आणि आरशाने दिवसभर दोघांच्या बरोबर मधे तोंड करून उभं राहायचं. सासू आणि सून यांच्या मधे उभ्या असलेल्या गृहस्थाला हे गणित वेगळं शिकवावं लागत नाही. त्यात चूक अजिबात खपत नाही. आरसा अंशाचा दहावा भाग हलला, तर अर्ध्या किलोमीटरवर त्याचा कवडसा पावणेदोन मीटर सरकतो. 2016 च्या मे महिन्यात त्या इव्हानपालाच काही आरशांचा नेम चुकला, कवडसे भलत्या जागी पडले आणि बुरुजावर आग लागली. त्या दिवशी वाऱ्याचा काही दोष नव्हता. पण आरसा हलला की काय होतं ते सगळ्यांना दिसलं.

आणि आरसा हलवायला वारा नेहमीच टपलेला असतो. विचार करा, शंभर चौरस मीटरचा आरसा म्हणजे आमच्या अख्ख्या ब्लॉकपेक्षा मोठा. तो एका खांबावर, उघड्या माळावर उभा केलेला. याला आरसा का म्हणायचं? हे तर गलबताचं शीड. फरक एवढाच, की गलबताला वारा हवा असतो आणि शिडात तोंड दिसत नाही.

वाऱ्याचा हिशेब मला भाच्याने समजावून सांगितला, तो मी जसाच्या तसा देतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी 36 किलोमीटरचा वारा चौरस मीटरला साधारण 6 किलोचा भार टाकतो. ताशी 72 चा 24 किलोचा. ताशी 144 चा म्हणाल तर जवळजवळ शंभर किलो. हे ऐकून मला फार समाधान वाटलं. पाहुणे दुप्पट झाले की खर्च चौपट का होतो, हे कोडं मला चाळीस वर्षं सुटलेलं नव्हतं. आमची ही त्याला माझा अजागळपणा म्हणत असे. तो निसर्गनियम निघाला.

कुठल्या गावाने किती वारा धरून चालायचं, हेही सरकारने ठरवून दिलेलं आहे. भारतीय मानक 875, भाग 3. त्यात बांधकामासाठी मुंबईला सेकंदाला 44 मीटर वारा धरलेला आहे आणि पुण्याला 39. म्हणजे मुंबईला ताशी 158 किलोमीटर आणि पुण्याला 140. ही पन्नास वर्षांतून एखाद्या वेळी येणाऱ्या झोताची गोष्ट आहे. तरी पण मुंबईपेक्षा पुण्याला कमी, ही गोष्ट छापील पुस्तकात असताना एकाही पुणेकराने आजवर वर्तमानपत्राला पत्र कसं लिहिलं नाही, याचं मला नवल वाटतं.

आमच्या घरात आरसा आणि वारा यांची पहिली गाठ 1984 साली पडली. त्या सुमारास सूर्यचुलीची साथ आली होती. पत्र्याची पेटी, आत काळे डबे, वर काच आणि झाकणाच्या आतल्या अंगाला आरसा. सकाळी गच्चीवर डाळ-तांदूळ लावून ठेवायचे आणि बाराला उतरवायचे. गॅस वाचतो, जीवनसत्त्वं टिकतात आणि सरकार खूश होतं. पण झाकण उभं केलं की ते शिडासारखं वारा धरायचं आणि दिवसातून चार वेळा धाडकन मिटायचं. खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचं वर भांडणं चालली आहेत. तिसऱ्या दिवशी हिने पेटी उचलून गच्चीच्या कठड्याच्या आडोशाला नेली, झाकणाला जुन्या परकराची नाडी बांधून तिचं दुसरं टोक तुळशीच्या कुंडीला अडकवलं आणि पेटीवर वरवंटा ठेवला. झाकण पुन्हा मिटलं नाही. पुढे भाचा जेव्हा शिकून आला आणि त्याने आडोसा, ताण आणि वजन या तीन उपायांवर तासभर व्याख्यान दिलं, तेव्हा ही स्वयंपाकघरातून फक्त म्हणाली, "नाडी सुती असावी. नायलॉनची सरकते."

शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने 2009 साली स्वयंपाकासाठी याच्या कितीतरी पुढची गोष्ट केली. प्रसादालयाच्या छपरावर आरशांच्या 73 तबकड्या बसवल्या, एकेक 16 चौरस मीटरची, आणि त्यांनी केलेल्या वाफेवर भक्तांचा भात शिजू लागला. ताशी 72 च्या वाऱ्यात अशी एक तबकडी वाऱ्याला आडवी सापडली, तर तिच्यावर चारशे किलोच्या आसपास भार येतो. तिथे परकराची नाडी पुरत नाही.

मग घाला की जाडजूड लोखंड, असं कोणीही म्हणेल. मीही म्हटलं. भाचा हसला. "मामा, ऊन फुकट आहे, वाराही फुकट आहे. पैसे पडतात ते उन्हासाठी उभं केलेलं वाऱ्यात पडू नये म्हणून." अशा कारखान्याच्या एकूण खर्चातले साधारण चाळीस टक्के नुसत्या आरशांच्या शेतात जातात, आणि त्यांत काचेपेक्षा खांब, सांगाडा, गियर आणि मोटरी यांचाच वाटा मोठा. इव्हानपासारख्या ठिकाणी एकेका आरशामागे एक किलो लोखंड जास्त घातलं, तर 173 टन लोखंड वाढलं. कमी घातलं तर एखाद्या वादळी रात्री सगळं भुईसपाट. म्हणजे जास्त घातलं तर दिवाळं आणि कमी घातलं तर शिमगा. नेमकं किती घालायचं हे कळावं म्हणून आधी छोट्या आरशांना वारा घालून बघायचा. हा आमच्या भाच्याचा धंदा.

वाऱ्याला न विचारता बांधलं की काय होतं, याचा धडा जगाला 1879 सालीच मिळाला होता. 28 डिसेंबरच्या रात्री स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वेपूल वादळात कोसळला. पुलावर गाडी होती. तिच्यातलं एकही माणूस वाचलं नाही. पूल बांधताना वाऱ्याचा भार धरलेलाच नव्हता असं चौकशीत निघालं. तेव्हापासून इंजिनियर मंडळी वाऱ्याला जरा अदबीने वागवू लागली.

काही जण तर हात धुऊन मागे लागले. पॅरिसच्या आयफेलसाहेबांनी आपल्याच मनोऱ्यावरून निरनिराळ्या आकारांच्या तबकड्या तारेवरून खाली सोडून हवा त्यांना किती अडवते ते मोजलं, आणि 1909 साली मनोऱ्याच्या पायथ्याशी स्वतःचं विंड टनेल बांधलं. आपल्याकडे एवढा मनोरा असता तर आपण भजी विकली असती. पण मला खरे आवडले ते कोपनहेगनचे इर्मिंगर. हे गृहस्थ गॅस कारखान्याचे व्यवस्थापक. कारखान्याचं धुराडं हवा ओढतंच आहे, मग ती वाया का घालवा, म्हणून 1890 च्या दशकात त्यांनी धुराड्यालाच बोगदा जोडला आणि त्यात घरांच्या छोट्या प्रतिकृती ठेवल्या. त्यांना दिसलं की वारा छपराला नुसता ढकलत नाही, वर ओढतोही. आपल्या कोकणात पत्र्यावर धोंडे ठेवणाऱ्या माणसाला हे आधीपासून माहीत होतं, पण त्याने निबंध लिहिला नाही.

पुढे डेन्मार्कच्याच मार्टिन येनसेन यांनी 1958 साली सांगितलं की नुसती प्रतिकृती लहान करून भागत नाही, तिच्या पुढची जमीनही त्याच प्रमाणात खडबडीत करायला हवी. विमानासाठी सरळ, गुळगुळीत वारा चालतो, कारण विमान वर असतं. जमिनीवर उभ्या राहणाऱ्याच्या वाट्याला झाडाझुडपांत आणि घरादारांत ठेचकाळत आलेला वारा येतो. तो सरळ येत नाही, धक्के देत येतो. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या विद्यापीठात जॅक सर्माक यांनी असा ठेचकाळणारा वारा बोगद्यात तयार केला. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरची प्रतिकृती 1964 साली तिथेच तपासली होती. आणि त्याच गावात जॉन पीटरका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे वर्षानुवर्षं आरशांना वारा घातला. पीटरका आणि डेरिकसन यांचा 1992 चा अहवाल ही आमच्या भाच्याच्या धंद्यातली पोथी आहे. वारा जितका धक्के देणारा, तितका आरशावरचा कमाल भार वाढतो, हे त्या पोथीतलं मुख्य सूत्र.

गेल्या वर्षी ताईने हट्ट धरला की मुलगा काय करतो ते एकदा डोळ्यांनी बघायचं. तिचं वय आता ऐंशीला टेकलंय. सोबत म्हणून मी गेलो.

बोगदा म्हणजे एक लांबलचक चौकोनी खोली, आगगाडीचे दोन डबे आतून रिकामे करून जोडावेत तशी. एका टोकाला हवा आत येण्याचं रुंद तोंड आणि दुसऱ्या टोकाला दीड पुरुष उंचीचा पंखा. माझी समजूत अशी की पंखा पुढून वारा सोडत असेल. तसं नाही. तो मागे बसून हवा ओढतो, म्हणजे पंख्याची भोवरी आरशापर्यंत पोचत नाही. तोंडाशी त्रिकोणी सुळके उभे केलेले आणि पुढे जमिनीवर लाकडाचे ठोकळे ओळीने मांडलेले. वाऱ्याला ठेच लागावी म्हणून ही सोय. त्यापलीकडे एक फिरती चकती आणि तिच्यावर पोळपाटाएवढे आरसे, भातुकलीसारखे रांगा करून मांडलेले.

ताई वाकून एकात बघू लागली. "अरे, यात तोंडच दिसत नाही."

"पत्रा आहे तो, आई," भाचा म्हणाला. "वाऱ्याला कुठे तोंड बघायचंय?"

सगळ्या पत्र्यांत खरा कामाचा एकच. त्याच्या खांबाखाली वजनकाटा होता, तो सेकंदाला शेकडो वेळा भार टिपून घेतो. बाकीचे सगळे नुसतेच उभे. लग्नाच्या ग्रुप फोटोत असतात तसे. काट्याच्या आरशाला कधी पुढच्या रांगेत ठेवायचं, कधी मधे, कधी कोपऱ्यात, आणि चकती फिरवून दर वेळी वेगळ्या दिशेने वारा घालायचा. प्रतिकृती लहान, म्हणून तिचा काळही लहान. बोगद्यातल्या अर्ध्या मिनिटात बाहेरची दहा मिनिटं उरकतात. असा एक बोगदा रेशन कार्डाच्या कचेरीलाही जोडून द्यावा, अशी मी सूचना केली.

मग आम्ही काचेच्या बाहेर उभे राहिलो आणि भाच्याने पंखा सुरू केला. आधी घरघर, मग हुंकार. आरसे काही हलताना दिसले नाहीत, पण पडद्यावरची रेघ अशी थरथरायला लागली की मला डॉक्टरकडच्या कार्डिओग्रामची आठवण झाली.

आरशाच्या निरनिराळ्या अवस्था त्याने करून दाखवल्या. आरसा ताठ उभा असला की वारा त्याला सरळ मागे रेटतो, तो जोर सर्वांत मोठा. थोडा तिरका, जमिनीशी तीसएक अंशांत आणला, की वारा खालून शिरतो आणि पतंगासारखा उचलायला बघतो, बिजागरी पिरगळतो. आणि पार आडवा, आकाशाकडे तोंड करून निजवला, की वारा वरून-खालून निघून जातो, थोडेफार धक्के देतो एवढंच. म्हणून वारा वाढला, बऱ्याच ठिकाणी ताशी 50 किलोमीटरच्या आसपास गेला, की सगळे आरसे काम सोडून आडवे पडतात. तसा हुकूमच असतो.

"यात भानगड एकच आहे, मामा," तो म्हणाला. "आडवं व्हायला काही मिनिटं लागतात. उभ्याचा आडवा होताना तो नेमका त्या वाईट तिरक्या अवस्थेतून जातो आणि वारा तोवर वाढतच असतो. निजलेल्यापेक्षा निजायला निघालेल्याचीच जास्त काळजी घ्यावी लागते."

हे माझ्या कंबरेला पूर्वीपासून माहीत आहे.

मग त्याने रांगांची गोष्ट सांगितली. मोहावीतच 1984 पासून आरशांच्या लांब पन्हाळींचे कारखाने उभे राहिले होते. वादळात तिथे आरसे फुटत, पण सगळीकडे सारखे नाही, कडेच्या रांगांत जास्त. 2001 ते 2003 या काळात तशा पन्हाळींच्या प्रतिकृती बोगद्यात घातल्या तेव्हा त्याचे आकडे हातात आले. वाऱ्याचा खरा मार बाहेरची रांग खाते. ती उभी असते म्हणून आतल्या रांगांवरचा सरासरी भार पुष्कळ उतरतो. आतल्यांना धुसफूस असते, बाहेरून अडखळून आलेल्या वाऱ्याचे झटके बसतात, पण मुख्य टक्कर झालेली असते. त्याने काट्याचा आरसा आधी कडेला ठेवला, मग चार रांगा आत. पडद्यावरची रेघ झपकन खाली आली.

ताई इतका वेळ गप्प होती. तिने काचेला बोट लावून विचारलं, "या कडेच्यांना काही जास्त देता का रे तुम्ही?"

"देतो की. त्यांचे खांब जाड, पाया खोल. काही ठिकाणी बाहेरून कुंपणही घालतात. आतल्यांना हलकं सामान चालतं. पैसे वाचतात ते तिथे."

"बरं करता," ताई म्हणाली आणि तिने पदर सारखा केला.

1965 साली आमचे वडील गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि आम्ही तिच्या मागे तिघं. दुसऱ्या महिन्यात ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. रात्रपाळीला भत्ता जास्त म्हणून रात्रपाळी मागून घ्यायची. घरमालक भाड्याला आला की दार ती उघडायची, किराणेवाल्याशी बोलायची ती, वडिलांच्या फंडाच्या कागदांसाठी कचेरीत आठ हेलपाटे घातले तेही तिनेच. आम्हाला आत फक्त आवाज यायचा. त्या आवाजात आम्ही तिघांनी अभ्यास केला, पास झालो, नोकऱ्यांना लागलो, आणि आपण हुशार आहोत असा समज करून घेतला. धाकटा मार्गी लागल्यावर, तेहेतिसाव्या वर्षी, तिने लग्न केलं. तिच्या खांबात कोणी जास्त लोखंड घातलेलं नव्हतं. जे आमच्यात, तेच तिच्यात.

मी हे काही बोललो नाही. आमच्या घरात असलं बोलायची पद्धत नाही. मी भाच्याला एवढंच विचारलं, "बाहेरच्या रांगेला साधाच खांब दिला आणि तरी ती टिकली, असं कधी होतं का रे?"

"होतं ना," तो म्हणाला. "हिशेबात नाही बसत, पण होतं." आणि पंखा बंद करायला गेला.

येताना गाडीत ताईला थोडं घेरल्यासारखं झालं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि दुपारी जेवण झाल्यावर रोज दोन तास आडवं पडायचं म्हणून बजावलं. हे औषध तिने एक दिवस घेतलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर भर दुपारी बाई ओट्याशी उभी, आणि भाचा तिच्या मागे मागे फिरत तिला विंड इंजिनियरिंग समजावून सांगतोय.

"आई, अगं, पन्नासच्या वर वारा गेला की आरसेसुद्धा आडवे पडतात. आडवं पडणं म्हणजे हरणं नव्हे. ती डिझाइनमधलीच तरतूद आहे."

"त्यांना काय जातंय आडवं पडायला?" चहाच्या भांड्यावर झाकण ठेवत ताई म्हणाली. "त्यांच्याकडे चारला दूधवाला येत नाही. आणि हा एक पाहुणा आलाय, त्याला साखर कमी लागते की जास्त, हे तुमच्या काट्याला कळतं का?"

मी म्हटलं, "ताई, बस तू. चहा मी गाळतो."

"तू नको," ती म्हणाली. "तू सांडतोस."